परकरावरचा पतंग

आमच्या जुन्या कॉलनीतल्या लोकांनी मोबाईलवर एक ग्रुप केला आहे. सकाळी देवांचे फोटो येतात, दुपारी गुडघेदुखीवरचे उपाय, आणि मध्येच कुणाला तरी जुनं काही आठवतं. परवा एकाने लिहिलं, "वो पतंगे वाले बाबूजी याद हैं किसी को? जो औरतों के कपड़ों की फोटो खींचते थे?" त्याच्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. लिहिणारा तेव्हा चड्डीत फिरत होता, त्याला काय माहीत. पण हसणाऱ्यांत दोघी-तिघी अशा आहेत की ज्या त्या रविवारी क्लबात पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांना हसू येतं, याचा मला राग आला. तो अजून उतरलेला नाही. मोबाईलवर मला लांबलचक लिहिता येत नाही, बोटं चुकतात. म्हणून हे कागदावर.

तो कपडा माझा होता. आधी तेवढं लिहून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

लग्न होऊन मी भोपाळला आले तेव्हा ह्यांना कारखान्यात नोकरी होती, पण कायम नव्हती. 'कायम' हा शब्द मी त्या दिवसांत जितक्यांदा ऐकला तितक्यांदा देवाचं नावही घेतलं नसेल. कायम झाले नाहीत तर क्वार्टर जाणार, क्वार्टर गेलं की परत कोकणात, आणि तिथे सासऱ्यांनी सगळ्या वाडीला सांगून ठेवलेलं की मुलगा सरकारी कारखान्यात चिकटला. माझी शाळा सातवीत सुटलेली. आठवी खाडीपलीकडे होती, होडीतून जावं लागे. हिंदी मला 'आओ, बैठो' इतकीच. दारावर भाजीवाला आला तरी मी बोटांनी खुणा करूनच भाजी घ्यायची. ह्या अशा मला पहिल्या महिन्यात एका सकाळी दाराबाहेर एक माणूस भिंतीला नाक लावून उभा दिसला. मी दार लावून घेतलं आणि हे रात्रपाळीहून येईपर्यंत आतून कडी काढली नाही.

हे हसले. म्हणाले, "अगं, ते आपलेच आहेत. उज्जैनचे मराठी. आमच्या इन्स्पेक्शनला असतात."

इन्स्पेक्शनचं काम असं: ओतकामातून आलेले लोखंडाचे भाग बघायचे, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि पिवळ्या खडूने खूण करायची. एक तर बरोबर, नाही तर फुली. फुलीचा माल परत भट्टीत. कुणाचा माल आहे, केवढी घाई आहे, दिल्लीहून कोण यायचं आहे, हे ऐकून त्यांचा खडू कधी थांबला नाही, असं हे सांगत. त्यामुळे कारखान्यात त्यांच्यावर प्रेम करणारं कुणी नव्हतं. घरी तर कुणीच नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. शर्टाच्या खिशात फिल्मची डबी, खांद्याला जुन्या पँटच्या पायातून स्वतः शिवलेली कॅमेऱ्याची पिशवी, आणि कपाळावर कायमची आठी. वयाने पन्नाशीच्या पुढचे. कुणाशी गोड बोललेले मी तरी ऐकले नाहीत.

कॉलनीच्या जिन्यांतून रात्रभर ट्यूबलाईट जळत. वीज कारखान्याची, बंद कोण करणार? त्या उजेडाला रात्री पतंग येत आणि चुना मारलेल्या भिंतीला चिकटून बसत. उजाडलं की साळुंक्या येऊन ते टिपून खात, नाहीतर झाडूवाली खराट्याने उडवून देई. साळुंकी आणि झाडूवाली, दोघींच्या आधी ते येत. एकेक जिना बघत. पतंग दिसला की त्याच्याभोवती पिवळ्या खडूने गोल काढत, म्हणजे कॅमेरा लावेपर्यंत कुणी हात लावू नये. झाडूवाली खरंच गोल सोडून झाडायची. म्हणायची, "साहब पागल है, पर गाली नहीं देता।" फोटो निघाला की पतंग उडून जाई आणि गोल तिथेच राही. अख्ख्या कॉलनीच्या भिंतींवर ते रिकामे गोल होते. नवीन आलेल्या बायकांना वाटे, कुणी करणी केली आहे. मलाही वाटलं होतं.

एकदा धीर करून मी म्हटलं, "काका, किती छान फुलपाखरू आहे."

"फुलपाखरू?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "अहो बाई, हे फुलपाखरू आहे काय? पंख कसे पसरून बसला आहे पहा. मिशा पहा त्याच्या, पिसासारख्या. पतंग आहे हा. सकाळपासून सगळे फुलपाखरू-फुलपाखरू करून राहिले आहेत."

मी म्हटलं, "असेल पतंग."

"असेल काय? आहे."

अशी त्यांची रीत. त्यांच्याशी बोलून माणूस खूश झाला, असं होत नसे. तरी मी पुन्हा जाई. माझ्याशी कुणी मराठीत रागावलं तरी मला तेव्हा बरं वाटायचं.

कॉलनीच्या शेवटच्या ओळीमागे माळ होता, पार नाल्यापर्यंत. मुरूम, काळी माती, मध्ये मध्ये खडक. इस्टेट ऑफिसच्या नकाशात त्यावर 'खाली जगह', म्हणजे रिकामी जागा, असं लिहिलेलं होतं आणि तो नकाशा आठवला की त्यांचा पारा चढे. "खाली! आत काय काय आहे ते ओळखायला माझा जन्म पुरणार नाही, आणि ह्यांना खाली दिसून राहिली आहे." पावसाळ्यानंतर तिथे कुर्डू, टाकळा, आघाडा आणि नावं नसलेलं बरंच काही उगवे. मोहरीच्या दाण्याएवढ्या फुलासाठी ते चिखलात पालथे पडून राहत, इतका वेळ की एकदा पहाऱ्यावरच्या शिपायाने दारू पिऊन पडलेला माणूस समजून शिट्टी फुंकली. ते उठले आणि त्यालाच ओरडले. शिट्टीने फुलावरची माशी उडाली म्हणून.

ओळखण्याच्या बाबतीत त्यांचा नियम कडक. नुसत्या फोटोवरून नाव सांगायचं नाही. अळी कोणती, ती कोणत्या झाडावर, पानाच्या वरून खाते की खालून, हे बघितल्याशिवाय नाव नाही. फोटो कलकत्त्याला एका म्हाताऱ्या तज्ज्ञांकडे पाठवत. त्यांचं उत्तर यायला पुढचा पावसाळा उजाडे. ओळख पटली की ती फोटोची पट्टी, स्लाईड म्हणत ते तिला, लाकडी पेटीत जायची. न पटलेल्या वेगळ्या डब्यात राहायच्या आणि त्या कुणालाही दाखवायच्या नाहीत. "फुली नाही, बरोबर नाही, असा माल मी बाहेर सोडत नाही."

दर शनिवारी सकाळी मात्र ते माळावर रुईच्या झुडपांपाशी उभे असत. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायला आपली मराठी माणसं तिथे पानं तोडायला येत. रुईच्या पानामागे एका केशरी फुलपाखराची अंडी असतात, अळ्या असतात. तर ते प्रत्येक पान तोडण्याआधी उलटं करून बघणार. "हे चालेल. हे घ्या. हे नाही, याला हात लावू नका." ग्वाल्हेरचे एक मास्तर एकदा चिडले. म्हणाले, "देवाच्या पानांचं इन्स्पेक्शन करणारे तुम्ही कोण हो?" काका म्हणाले, "मारुतीला अळी वाहायची आहे काय? वाहा. मग त्याने ती खाल्ली नाही म्हणून माझ्याकडे येऊ नका." मास्तर पुटपुटत राहिले, पण पानं तपासूनच घेतली. दर शनिवारी घेत. त्याबद्दल काकांना कुणी कधी वेडा म्हणालं नाही, उलट अळीबिळी नसलेली स्वच्छ पानं मिळतात म्हणून रांग लागायची. माणसाच्या वेडाचा आपल्याला उपयोग असला की ते वेड नसतं, हे मी तिथे शिकले.

त्यांचे उपकार माझ्यावर वेगळेच आहेत. माझ्या पहिल्या भाद्रपदात गौरी आल्या. आमच्याकडे मुखवट्यांच्या गौरी नाहीत, तेरड्याच्या असतात. सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरून, मुळासकट तेरडा उपटून आणायचा. ती मुळं म्हणजे गौरीची पावलं, पावलांशिवाय ती घरात कशी येणार? भोपाळात तेरडा कुठला? कॉलनीतल्या बायकांना मी हातवारे करून विचारलं, कुणी गुलमेंदी म्हणालं, बागेतली दुहेरी पाकळ्यांची दाखवली. ती नव्हे. मी दोन दिवस रडवेली होऊन हिंडत होते. शेवटी हे काकांना विचारून आले, आणि दुसऱ्या दिवशी ते आम्हाला नाल्याच्या काठाने पार खाली घेऊन गेले. तिथे ओल्या खडकात, गुलाबी, अगदी आमच्या सड्यावरचा तेरडा. मी वाकले आणि मुळाला हात घातला.

"उपटायचं नाही. वरून खुडा," ते म्हणाले.

"मुळं हवीत काका. ती पावलं आहेत."

"कुणाची पावलं?"

"गौरीची."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता फुली. मग ते गुडघ्यावर बसले आणि एकेक रोप पानं उलटून तपासायला लागले. या तेरड्यावर एका मोठ्या पतंगाची अळी असते, ती शोधत होते. बराच वेळ गेला. हे सारखं घड्याळ बघत होते. शेवटी ते म्हणाले, "ही घ्या. ही पण. ही नाही, हिच्यावर कुणी राहतं." मूठभर तेरडा मुळासकट मिळाला. माझ्या घरात गौर पावलांनी आली. एवढं मी विसरेन, असं कुणाला वाटत असेल तर त्याने कोकणातली माणसं पाहिलेली नाहीत.

आता परकराचं.

पुढच्या श्रावणात झड लागली. बाल्कनीत कपडे वाळेनात, सगळ्यांना कुबट वास. मग सगळ्याच बायका करत तसं मीही केलं, जिन्यात ट्यूबलाईटखाली दोरी बांधली. चादरी, ह्यांचे शर्ट, आणि सर्वांत आतल्या बाजूला, भिंतीकडे, माझा पांढरा परकर. रात्री वाळत घालायचा आणि कुणी उठायच्या आत काढायचा, असा माझा बेत. बायकांचे असे कपडे चारचौघांत दिसू नयेत हे काय सांगायला हवं?

पहाटे मी दार उघडलं. हे रात्रपाळीला. दोरीसमोर काका उभे, कॅमेरा डोळ्याला. चादरी आणि शर्ट त्यांनी एका बाजूला सारलेले, आणि समोर माझा परकर, त्याच्यावर पतंगच पतंग. पांढरा ओला कपडा, वर रात्रभर उजेड. आसपासचे सगळे येऊन त्यावर बसले होते. मधोमध एक मोठा हिरवट, कडेला गुलाबी रेघ.

"हलू नका," ते कुजबुजले. "कुणाची चादर ही? फार उत्तम चादर आहे."

मी काय बोलणार? खाली नाडी लोंबत होती. हा माणूस पतंगाच्या मिशा मोजतो आणि त्याला परकर ओळखता आला नाही. त्यांनी खिशातून खडू काढला, त्या हिरव्या पतंगाभोवती गोल काढायला हात पुढे केला, मग कापडावर खडू उमटणार नाही हे लक्षात येऊन परत ठेवला. मी दोरीपाशी थिजून उभी. झगकन फ्लॅश पडला. आणि वरच्या जिन्यावरून दुधाची बरणी घेऊन फोरमनीणबाई उतरत होत्या.

त्या थांबल्या. कॅमेरा बघितला, परकर बघितला, मला बघितलं. "राम राम," म्हणाल्या आणि दुधाला गेल्या. दुधाच्या बूथवर निम्मी कॉलनी असते.

फोरमनीणबाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या. त्यांचे यजमान ह्यांचे फोरमन, आणि कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर. बाई वाईट नव्हत्या. मला ताप आला तेव्हा चार दिवस त्यांनी खिचडी पाठवली, स्टोव्ह पेटवायला त्यांनीच शिकवलं. म्हणून तर जास्त राग येतो. दुपारी त्या माझ्याकडे आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बहू, तू नई है, अकेली है। वो आदमी ठीक नहीं। तू बस इतना बोल दे कि तूने मना किया था, उसने फिर भी खींची। बाक़ी हम देख लेंगे।"

"पण मी मना नाही केलं, भाभीजी. मी काही बोललेच नाही."

"तो फिर लोग क्या समझेंगे? कि तेरी मर्ज़ी थी?"

बघा कसं असतं. मी खोटं बोलले तर बिचारी. खरं बोलले तर तसली. मधलं काही ठेवलेलंच नाही. सोसायटीच्या कमिटीने त्यांना रविवारी बोलावलं. सगळे फोटो घेऊन या, नाहीतर क्वार्टर काढून घ्यायची शिफारस करू आणि कारखान्यात चारित्र्याची तक्रार देऊ. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर फुली मारली, त्याच्यावर फुली मारायची संधी कोण सोडणार? दर शनिवारी त्यांच्याकडून तपासलेली पानं नेणारे मारुतीभक्तसुद्धा गप्प. मास्तर म्हणाले, "आग असल्याशिवाय धूर कसा निघेल."

हे म्हणाले, "आपण कशाला मध्ये पडायचं? ते एकटे आहेत. एक खोली गेली तर दुसरी मिळेल. आपलं कायम व्हायचं आहे."

"आणि त्यांचं नाव?"

"आणि तुझं?" हे म्हणाले. ह्यांना मी दोष देत नाही. पण त्या रात्री मी जेवण वाढलं आणि स्वतः जेवले नाही.

रविवारी क्लबचे पडदे ओढले होते. कमिटीला वाटलं होतं, एखादा आल्बम आणतील. त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून दोन लाकडी पेट्या, प्रोजेक्टर आणि मोठी चादर आणली. चादर भिंतीला लावली, दिवे बंद करायला सांगितले आणि सुरू केलं. एक पतंग. दुसरा पतंग. नाव, अळी, झाड. तिसरा पतंग. लोक बाई शोधत होते आणि त्यांना भिंत दिसत होती. प्रत्येक पतंगामागे कॉलनीचा कुठला ना कुठला जिना, आणि जिन्यात काय काय असतं ते सगळं. पानाच्या पिचकाऱ्या, पोरांनी कोरलेली नावं, बंद पडलेला नळ.

"अरे, ये तो हमारा ज़ीना है," मागून कुणी म्हणालं. "देखो, कितना थूका है।"

"वो हमने नहीं, ऊपर वालों ने।"

"ऊपर वाले तो पान खाते ही नहीं, भाई साहब।"

भांडण जुंपलं. इतक्यात पुढची स्लाईड आली. तपकिरी पतंग, आणि त्याच्या शेजारून एक वायर, जिन्याच्या ट्यूबलाईटमधून निघून थेट एका दाराच्या फटीत गेलेली. दारावरची नावाची पाटी सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांची. त्यांच्या घरातला हीटर कुणाच्या विजेवर चालतो हे सगळ्यांना कळलं. खुर्च्या करकरल्या. काका वैतागून म्हणाले, "वायर क्या देख रहे हैं? पतंगे को देखिए, पतंगे को।"

सेक्रेटरी साहेब घाईने उठले. "बस, बस। वो वाली दिखाइए। उस दिन वाली।"

"ती नाही दाखवणार," काका मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, "उसकी पहचान नहीं हुई।"

"किसकी पहचान?"

"पतंगे की। जिसकी पहचान नहीं हुई, वो मैं दिखाता नहीं।"

सगळा क्लब हसला. ते हसणं मी अजून ऐकते. सेक्रेटरी साहेबांचा चेहरा उजळला. "तो फिर हम क्या समझें? सबूत आप छुपा रहे हैं।" ते ओळख न पटल्याने दाखवत नव्हते, की तो कपडा काय होता हे एव्हाना कळलं होतं आणि भरल्या सभेत तो भिंतीएवढा लावायचा नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. चेहरा तसाच होता, रागीट. फोरमनीणबाईंनी मागे वळून मला डोळ्याने खुणावलं. आता. बोल.

मी उठले. पदर हातात पिळून पार दोरी झाला होता.

"वो पेटीकोट मेरा है," मी म्हटलं. "मैंने मना नहीं किया। मैंने हाँ भी नहीं कहा। किसी ने पूछा ही नहीं। अब मैं बोलती हूँ, दिखाओ।"

हिंदी बरोबर होती की नाही कोण जाणे. हे माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी माझ्याकडे न बघता माझी पर्स मांडीवर घेतली, एवढंच.

"बसा तुम्ही," काका म्हणाले.

"नाही बसणार. दाखवा."

ते माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. मग वेगळा डबा उघडला.

भिंतीवर तो हिरवा पतंग आला. हाताएवढ्या पंखांचा, गुलाबी रेघेचा. डोळे चमकत होते. त्याच्याखाली कापडाचे उभे-आडवे धागे, पाण्याचे थेंब धरून. दुसरं काही नाही. ना नाडी, ना काठ, ना मी. ते कापड धोतर असतं, चादर असती, देवाचं वस्त्र असतं, काहीही असतं. शेवटी मागून एक म्हातारा विचारतो, "इसमें पेटीकोट कहाँ है?"

हेच बघायला सगळी कॉलनी पडदे ओढून बसली होती. ह्यासाठी माझ्या दाराशी बायका येऊन कुजबुजून गेल्या होत्या. कुणी माफी मागितली म्हणता? कुणीही नाही. मास्तर उठून चहाची चौकशी करायला गेले. सेक्रेटरी साहेबांनी घसा साफ केला आणि निकाल सांगितला: प्रकरण संपलं, तरी पण, महिलांच्या भावना लक्षात घेता, यापुढे बाबूजींनी कुठल्याही जिन्यात फोटो काढण्याआधी त्या जिन्यातल्या प्रत्येक घराची अनुमती घ्यावी. तरी पण! चूक नव्हती, तरी पण.

क्लबच्या पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलतील.

"तुमच्यामुळे ओळख न पटलेला नमुना दाखवावा लागला मला," ते म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा."

मी आजवर मोठ्या माणसाला उलटून बोलले नव्हते. "आणि तुमच्यामुळे माझा परकर गावभर झाला, त्याचं काय? पतंगाला नाव नाही तर तुम्हाला झोप येत नाही. माझं नाव गेलं असतं तर? एकदा तरी विचारायचंत, काकू, ताई, बाई, काय म्हणायचं ते म्हणा, पण हा कपडा तुमचा आहे, फोटो काढू का, एवढं विचारायला किती वेळ लागतो?"

"पतंग उडून गेला असता."

"जाऊ द्यायचा."

त्यांनी पेट्या बांधल्या आणि सायकल ढकलत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून कोंबडंही आरवलं नव्हतं, तेव्हा आमच्या जिन्यात दार वाजलं. आधी सगळ्यात वरचं. मग फोरमनीणबाईंचं. "ज़ीने में एक पतंगा है। फोटो की अनुमति है?" मग समोरचं. मग माझं. निकाल म्हणजे निकाल, आणि इन्स्पेक्शनचा माणूस तो अक्षराबरहुकूम पाळणार. प्रत्येक जिना, प्रत्येक घर, प्रत्येक पहाट. रात्रपाळीचे लोक नुकते झोपलेले, तान्ही मुलं रडायला लागली, म्हाताऱ्यांना वाटलं तार आली. सेक्रेटरी साहेबांच्या ब्लॉकमध्ये पतंग फार यायचे म्हणे. आठवडाभरात फोरमनीणबाई दारातून हात जोडून म्हणाल्या, "भाई साहब, जो खींचना है खींचो, हमको मत जगाओ।" मग सगळ्या कॉलनीनेच हात जोडले. सेक्रेटरी साहेब स्वतः त्यांच्या क्वार्टरवर जाऊन नियम मागे घेऊन आले.

हे कायम झाले, पण ह्यांच्याबरोबरचे झाले त्याच्या वर्षभरानंतर. हे म्हणतात, त्याचा त्या रविवारशी काही संबंध नव्हता. मी म्हणते, होता.

नियम मागे घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी भरायला उठले होते. जिन्यात खडूचा आवाज आला. दार उघडलं तर काका भिंतीशी, गोल काढून झालेला, कॅमेरा डोळ्याला.

"काका," मी म्हटलं, "विचारलं नाहीत."

"नियम मागे घेतला त्यांनी."

"त्यांनी घेतला असेल. मी नाही घेतला."

कॅमेरा खाली आला. "अहो बाई, उडून जाईल तो."

मी चौकटीला हात लावून उभी राहिले. त्यांनी पतंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कपाळावरची आठी होती तशीच. मग ते जिन्याच्या तोंडाशी परत गेले, तिथून चालत माझ्या दाराशी आले आणि दार सताड उघडं असूनही त्याच्यावर बोटाने टकटक केलं.

"परवानगी आहे?"

मी जरा वेळ घेतला. घाई नव्हती मला.

"आहे," मी म्हटलं.

ते वळले तेव्हा गोल रिकामा होता. दुसऱ्या दिवशी ते थोडे लवकर आले, आणि आधी दार वाजवलं.